एका चिन्हाखाली नऊ फाइली: सांगलीतल्या एका ऑफिसातलं टास्कबारचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका कर सल्लागारांचं ऑफिस आहे. हळद, बेदाणा, गूळ आणि त्यांना बारदान, बॉक्स पुरवणाऱ्या अशा नव्वदेक पेढ्यांचे जीएसटी रिटर्न तिथून भरले जातात. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल मी करतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पडद्यावर जे घडलं ते घडलं तसंच लिहिलं आहे.

हे ऑफिस पूर्वी तळमजल्यावर होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आतले सगळे सीपीयू पाण्यात गेले. ऑफिस वर चढलं आणि चार कॉम्प्युटर नवे आले. मशीन पुरानंतरची असल्याचा फायदा सहा वर्षांनी झाला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ते दोन्ही या मशीनमध्ये होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. दिवाळीच्या सुट्टीत मी चारही मशीनला नवी एसएसडी बसवून कोरं विंडोज ११ टाकलं. हिशेबाचं टॅली चालतंय का, प्रिंटर छापतोय का, डिजिटल सहीचा टोकन ओळखला जातोय का, बॅकअप बरोबर परत आलाय का, हे सगळं पाहिलं. टास्कबार पाहिला नाही. उघडे प्रोग्राम दाखवणारी पडद्याची खालची पट्टी ती, तिच्यात काय तपासायचं, असं माझं मत होतं.

ऑफिसात माणसं चार. साहेब. पंधरा वर्षांपासून काम करणाऱ्या ताई. आण्णा, जे आधी एका अडत दुकानात दिवाणजी होते. आणि कॉलेज सुटल्यावर येणारा बीकॉमचा मुलगा, जो संध्याकाळी ताईंच्याच मशीनवर स्वतःच्या लॉगिननं बसतो.

अडचण

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी ताईंचा फोन आला. “दादा, माझ्या एक्सेलच्या फाइली कुठं गेल्या? नऊ उघडल्यात मी आणि खाली एकच दिसतीया.”

मी म्हणालो, “ताई, गेल्या नाहीत. त्या हिरव्या चिन्हावर माऊस न्या, सगळ्यांची छोटी चित्रं वर येतील. होईल सवय दोन दिवसांत.”

इथं मी पहिली चूक केली, आणि ती सेटिंगची नव्हती. समोरचं माणूस काय हरवल्याचं सांगतंय ते न ऐकताच मी त्याला उपाय सांगून मोकळा झालो.

आण्णांची तक्रार निराळी होती. त्यांनी विंडोज १० मध्ये टास्कबार पडद्याच्या डाव्या कडेला उभा लावला होता. तिथं नावं एकाखाली एक, कीर्दीतल्या नोंदींसारखी दिसायची. नव्या मशीनवर पट्टी खाली आली होती आणि हलत नव्हती. “सगळ्याचा गठ्ठा बांधून ठेवलाय की ओ,” ते म्हणाले. हा शब्द मला फार नेमका वाटला. रेकॉर्डच्या खोलीत जुने कागद रुमालात बांधून ठेवतात. रुमाल नीटनेटका दिसतो, पण आत काय आहे ते गाठ सोडल्याशिवाय कळत नाही.

रुमाल बांधायची ही पद्धत विंडोजमध्ये जुनीच आहे. १९९५ मध्ये टास्कबार आला तेव्हा प्रत्येक विंडोला स्वतःचं बटण होतं. २००१ च्या एक्सपीमध्ये पट्टी भरली की एकाच प्रोग्रामची बटणं एकत्र होऊ लागली. २००९ च्या विंडोज ७ ने एकत्र करणं हाच मूळ नियम केला, पण तो बदलायची सोय ठेवली. विंडोज १० मध्येही ती होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ती काढून टाकलेली होती, आणि २०२३ च्या शेवटी शेवटी परत आली. म्हणजे ताईंच्या मशीनवर हवी ती सेटिंग पहिल्या दिवसापासून होती. फक्त मी ती उघडली नव्हती.

पुढचे काही दिवस ताई चित्रांवरून फाइल निवडत होत्या. सगळ्या फाइली एकाच नमुन्यावरून बनवलेल्या, त्यामुळं ती बोटभर चित्रं एकमेकांची झेरॉक्स वाटायची.

१८ नोव्हेंबरला व्हायचं ते झालं. जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत २० तारखेची. बेदाण्याच्या दोन पेढ्या आहेत, सख्ख्या भावांच्या. वाटणी झाल्यावर वेगळ्या झालेल्या, आणि नावात एका शब्दाचा फरक. ऑफिसात त्यांना थोरले आणि धाकटे म्हणतात. पेढीच्या चारचाकीच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे द्यायच्या करातून वजावट, मिळत नाही, त्यामुळं फॉर्मच्या चौथ्या तक्त्यात ती रक्कम परत केलेली दाखवावी लागते. ताईंनी धाकट्यांचा फॉर्म उघडला, एक्सेलमधून आकडा उचलला, भरला, सेव्ह केला. आकडा थोरल्यांचा होता.

ओटीपी मागवण्याआधी साहेब प्रत्येक फॉर्मची पीडीएफ स्वतः बघतात. त्यांनी ताईंना विचारलं, “धाकट्यांनी गाडी कधी घेतली?” धाकट्यांकडं चारचाकी नाहीच, ते अजून मोटारसायकलवर यार्डात येतात. फॉर्म नुसता सेव्ह झाला होता, दाखल झाला नव्हता, म्हणून आकडा बदलता आला. दाखल झालेला ३बी दुरुस्त करता येत नाही. मग पुढच्या महिन्यात निस्तरत बसावं लागतं, आणि पक्षकाराला ते समजावून सांगावं लागतं.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं.

समोर असलेले पर्याय

साहेबांचा पहिला प्रस्ताव सरळ होता: एका वेळी तीनपेक्षा जास्त फाइली उघडायच्याच नाहीत. ऐकायला पटतं. पण ताई नऊ-नऊ फाइली का उघड्या ठेवतात, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक सौद्यात असला की फोन उचलत नाही. ओटीपी तेवढ्यात बाद होतो. मग ती फाइल तशीच ठेवायची, दुसरी घ्यायची. त्याचा फोन आला की पहिलीकडं यायचं. फाइल बंद केली तर राहिलेलं ध्यानात कसं राहणार?”

आता चित्र फिरलं. ताईंची पट्टी म्हणजे बाकी कामांची यादी होती. बटण दिसतंय म्हणजे काम अडकलंय. बटण गेलं म्हणजे पेढी मोकळी. मी नवं विंडोज टाकलं आणि ती यादी गुंडाळून एका हिरव्या चिन्हात कोंबली. त्यामुळं तीन फाइलींचा प्रस्ताव बाजूला पडला. सौदा थांबणार नव्हता.

एकेका पेढीला एकेक आभासी डेस्कटॉप, म्हणजे त्याच मॉनिटरवर वेगळा कोरा पडदा, देणं हा दुसरा पर्याय. विंडोज आणि कंट्रोलबरोबर डी दाबलं की नवा डेस्कटॉप उघडतो, आणि बाणांनी इकडून तिकडं जाता येतं. मुलाला हे फार आवडलं. ताईंना दाखवलं तर दुसऱ्या डेस्कटॉपवर गेल्याबरोबर त्या दचकल्या, कारण टास्कबारवर त्याच डेस्कटॉपच्या विंडो दिसतात, बाकीच्या नाही. ही तर आधीचीच अडचण, दुप्पट होऊन आलेली.

टास्कबारच बदलून जुन्यासारखा करून देणारी बाहेरची साधनंही मिळतात. आण्णांची उभी पट्टी आणायला त्या घडीला तेवढाच मार्ग होता. पण ही साधनं विंडोजच्या आतल्या भागाला हात घालतात, आणि एखाद्या अपडेटनंतर पट्टीच उघडेनाशी झाल्याचं मी दुसऱ्या एका ठिकाणी निस्तरलं आहे. मुदतीच्या दोन दिवस आधी तो जुगार नको, हे मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. आण्णांना ते आवडलं नाही.

राहिली विंडोजची स्वतःची सेटिंग. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात सगळ्यात खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’. तिथं ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ असा प्रश्न आहे आणि तीन उत्तरं: ‘ऑलवेज’, ‘व्हेन टास्कबार इज फुल’, ‘नेव्हर’. मधलं उत्तर शहाणपणाचं वाटतं, पण ताईंच्या कामाला ते सगळ्यात वाईट होतं. पट्टी भरेपर्यंत फाइली सुट्या दिसणार आणि नेमक्या गर्दीच्या वेळी, म्हणजे चूक व्हायची शक्यता सर्वांत जास्त असताना, गठ्ठा बांधला जाणार.

काय केलं

१८ च्या रात्री ताईंच्या मशीनवर ‘नेव्हर’ लावलं. त्यांना दोन मॉनिटर आहेत आणि दुसऱ्या पडद्यावरच्या पट्टीसाठी हाच प्रश्न त्याच यादीत वेगळा विचारलेला असतो, तिथंही ‘नेव्हर’ केलं. ही सेटिंग मशीनची नसते, लॉगिनची असते. मुलाच्या लॉगिनला ती लागली नव्हती हे संध्याकाळी तो आल्यावर कळलं.

काम झालं म्हणून मी घरी गेलो. १९ च्या सकाळी ताईंनी पुन्हा भलतीच फाइल उघडली. या वेळी त्यांच्या लगेच लक्षात आलं, पण फोन आलाच.

मग जे दिवाळीतच करायला हवं होतं ते केलं. खुर्ची घेऊन ताईंच्या मागं अर्धा तास नुसता बसलो. काही बोललो नाही.

पहिली गोष्ट दिसली ती नावांची. फाइलींची नावं जीएसटी नंबरानं सुरू होत होती. पंधरा अक्षरांचा हा नंबर. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यापुढं पॅन. म्हणजे पट्टीवरचं प्रत्येक बटण २७ पासून सुरू आणि पेढीचं नाव यायच्या आत जागा संपलेली. सुटी केलेली नऊ बटणं, नऊही जवळपास एकसारखी.

पण हीच नावं विंडोज १० मध्येही होती! तेव्हा कसं जमत होतं? हे कोडं मला दहा मिनिटं सुटलं नाही. मग पाहिलं की ताई नाव वाचतच नाहीत. त्यांची नजर जागेवर जाते. सकाळी पहिली उघडलेली फाइल सगळ्यात डावीकडं, मग दुसरी, मग तिसरी. थोरले चौथे, धाकटे पाचवे, असं त्यांच्या हाताला पाठ होतं. जुन्या पट्टीत बटणं साधारण एकाच रुंदीची असायची, त्यामुळं चौथं बटण रोज तिथंच. नव्या पट्टीत ‘नेव्हर’ केल्यावरही नाव लहान तर बटण लहान, नाव मोठं तर बटण मोठं. शिवाय चिन्हं मधोमध लावायची मूळ रीत, म्हणजे एक विंडो उघडली की सगळी रांग थोडी डावीकडं सरकते. हात चौथ्या जागेवर जायचा आणि तिथं तिसरं किंवा पाचवं असायचं.

त्यानंतरचे बदल पटकन झाले. चिन्हं मधून काढून डावीकडं लावली. सर्चचा चौकोन, विजेट्स आणि टास्क व्ह्यूचं बटण बंद करून जागा मोकळी केली. पडदे १३६६ रुंदीचे असल्यानं तेवढ्यानंही दीडेक बटणाची जागा मिळाली. टॅली, एक्सेल, क्रोम याच क्रमानं पट्टीवर पिन केले, म्हणजे कायमचे लावले, म्हणजे विंडोजच्या कळीबरोबर १, २, ३ दाबून थेट जाता येतं. २ पुन्हा पुन्हा दाबलं की एक्सेलच्या फाइली एकामागून एक पुढं येतात. ही कळ ताई कधी वापरत नाहीत. आण्णा वापरतात, हे मला अनपेक्षित होतं.

फाइलींची नावं बदलायचा मोह मला १९ लाच झाला. थांबलो, आणि या सगळ्या प्रकरणात माझा हा एक निर्णय बरोबर ठरला असं मला वाटतं. साहेबांची गोषवाऱ्याची एक फाइल आहे, ती या सगळ्या फाइलींतून आकडे ओढते. नाव बदललं की तो दुवा तुटतो. मुदतीच्या आदल्या दिवशी नव्वद दुवे तोडायची माझी हिंमत नव्हती. त्याऐवजी एक कच्चा नियम ठरवला: थोरले आणि धाकटे एका वेळी उघडे ठेवायचे नाहीत, एकाचं पूर्ण झाल्यावर दुसरा. अशा नावसाधर्म्याच्या आणखी तीन जोड्या ताईंनी तोंडी सांगितल्या. त्या कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या. २० तारीख पार पडली.

नावं नंतरच्या आठवड्यात बदलली. आधी पेढीचं ऑफिसातलं बोलीतलं नाव, मग महिना, जीएसटी नंबर शेवटी. ‘धाकटे बेदाणा ऑक्टो’ असं दिसायला लागलं. पहिल्या दहा फाइलींची नावं मुलानं फोल्डरमध्ये जाऊन सरळ बदलली आणि दुवे तुटलेच. ते एकेक करून ‘चेंज सोर्स’नं जोडावे लागले. मग रीत सापडली: गोषवारा आणि ती फाइल दोन्ही उघड्या ठेवायच्या आणि फाइलीला ‘सेव्ह अॅज’ करून नवं नाव द्यायचं, म्हणजे गोषवाऱ्यातला दुवा आपोआप नव्या नावाकडं वळतो. मग जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायची.

क्रोमकडं शेवटी वळलो. एकाच प्रोफाइलमध्ये दुसऱ्या पेढीचं लॉगिन केलं की पहिल्या पेढीचं सत्र जातं, म्हणून ताई आधीपासून दोन प्रोफाइल वापरत होत्या. क्रोमच्या वेगवेगळ्या प्रोफाइलची चिन्हं टास्कबारवर तशीही वेगळी राहतात. पण बटणावर जीएसटीच्या पोर्टलचं तेच ते नाव यायचं. क्रोमच्या विंडोला आपलं नाव देता येतं, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘नेम विंडो’. ताई आता तिथं पेढीचं नाव टाकतात. घाईत विसरतात, हेही खरं.

आण्णांसाठी काय केलं? फारसं काही नाही. ते चारपेक्षा जास्त विंडो उघडत नाहीत, त्यांना ‘व्हेन टास्कबार इज फुल’ पुरलं. उभी पट्टी मी देऊ शकलो नाही. बाकी कामं त्यांनी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली, अडत दुकानात लिहायचे तशी.

निष्पत्ती

डिसेंबर आणि जानेवारीच्या मुदती गेल्या. साहेबांच्या पीडीएफ तपासणीत एका पेढीचा आकडा दुसरीकडं गेल्याचं पुन्हा सापडलं नाही. ही तपासणी मात्र तशीच चालू आहे. मी तर म्हणेन की त्या दिवशी वाचवलं ते कुठल्याही सेटिंगनं नाही. धाकट्यांकडं गाडी नाही हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून वाचलं.

टॅलीचं कोडं सुटलेलं नाही. ताई कधी टॅली दोनदा उघडतात, दोन पेढ्यांसाठी. ‘नेव्हर’मुळं बटणं दोन दिसतात, पण दोन्हींवर नाव एकच. डिसेंबरात एकदा पावती चुकीच्या पेढीत पडली आणि त्याच दिवशी काढून टाकली. सध्या एक टॅली डाव्या पडद्यावर आणि दुसरी उजव्या पडद्यावर ठेवायची, असं चाललंय. त्यासाठी टास्कबारच्या त्याच यादीत, ज्या पडद्यावर विंडो उघडी आहे त्याच पडद्याच्या पट्टीवर तिचं बटण दाखवायचं, ही निवड केली आहे.

मुलानं स्वतःच्या लॉगिनला पुन्हा ‘ऑलवेज’ केलं आहे. त्याला गठ्ठाच बरा वाटतो.

पुन्हा करायचं झालं तर

कोरं विंडोज टाकण्याआधी प्रत्येकाच्या पडद्याचा, कामाच्या ऐन गर्दीत, मोबाइलवर एक फोटो काढला असता. पट्टी कुठं आहे, बटणांवर नावं आहेत की नुसती चिन्हं, पिन केलेलं काय, क्रम कोणता, हे त्या एका फोटोत दिसलं असतं. बॅकअपमध्ये फाइली येतात, माणसाची सवय येत नाही.

‘होईल सवय’ हे वाक्य मी फोनवर बोललो नसतो. सवय होतेही, पण महिन्याच्या १८ तारखेला ती व्हायला वेळ नसतो.  दिवाळीची सुट्टी माझ्या सोयीची होती. महिन्याभरात पुढची मुदत येत होती, ते मी मोजलं नव्हतं.

१८ च्या रात्री सेटिंग लावून घरी जाणंही चुकलं. ताईंनी मागितलं होतं ते ‘पहिल्यासारखं’, आणि मी दिलं ते पहिल्यासारखं दिसणारं. सकाळी थांबून दोन फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतले असते तर बटणांच्या रुंदीची गोष्ट तेव्हाच कळली असती.

आण्णांच्या बाबतीत मी अजून पक्का नाही. मुदत संपल्यावर, बॅकअप हाताशी ठेवून, एका मशीनवर ते बाहेरचं साधन लावून बघायला हरकत नव्हती. मागच्या महिन्यात मी तसं विचारलं. ते चिठ्ठीवर काहीतरी खोडत होते. “आता राहू द्या,” म्हणाले, “परत अपडेट आलं की परत तुम्हाला बोलवावं लागंल.”